वोल्होच्या दांड्यावरची ओक्बुन आजी

ओक्बुन आजींची काळजी मनातून जाता जात नाही. भांडी विसळताना तीच, उद्याचे तांदूळ धुऊन ठेवताना तीच. शेजारची जेचनवाली घर सोडून गेल्यापासून वोल्होच्या दांड्यावर त्यांचं एकच घर उरलं आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तळं, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर वाऱ्याने वाकलेले पाइन. न्हाणीघरात पाय घसरून पडल्या तर हाक मारणार कुणाला? हे मी एकदा त्यांना बोलून दाखवलं होतं.

"तळ्याला मारेन," त्या म्हणाल्या. "समुद्राला ऐकू कमी येतं."

मी हसले नाही. त्या एकट्याच हसल्या.

आज सकाळी हाक्सूचा फोन आला. हाक्सू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. उल्सानला मोठमोठी जहाजं बांधतात तिथे वेल्डर आहे. तोही आता पन्नाशी ओलांडून गेला, पण माझ्याशी बोलताना अजून वर्गातल्या मुलासारखा चाचरतो, जरी मी त्याला कधी शिकवलेलं नाही.

"बाई, तुम्ही आईशी बोला. तुमचं ती ऐकते."

"माझं कोण ऐकतं, हाक्सू? माझी मुलगी सोलला असते आणि जेवलीस का विचारलं की मोबाइलवर अंगठ्याचं चित्र पाठवते."

"वसंतात नगरपालिका घर पाडणार आहे. इथे आमच्या जवळच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी होते आहे. उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला देतील. आईला विचारलं तर ती म्हणते 'बघते'. आता बघते म्हणजे काय समजायचं? हो की नाही?"

"तू ये ना एकदा. समोर बसून विचार."

"कसा येऊ? दोन-दोन पाळ्या करतोय. बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, तिला उठवून बसवावं लागतं." थोडा वेळ मागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज येत राहिला. "तुम्ही फक्त जाऊन या, बाई. हो म्हणाली एवढं मला कळवा. मी लगेच नाव नोंदवतो."

वाईट मुलगा नाही तो. दर चांद्रवर्षाच्या पहिल्या दिवशी येतो, आईचं छप्पर तपासतो, गॅसची नळी बदलतो आणि दुसऱ्या दिवशी गर्दी व्हायच्या आत गाडी काढतो. ज्यांची घरं पाडणार त्यांच्यासाठी तळ्याच्या आतल्या अंगाला, बसच्या रस्त्यालगत एकेका खोलीची घरं बांधली आहेत. तिथे जाता येईल हे त्यालाही ठाऊक आहे. पण तिथेही आई एकटीच असणार, असं तो म्हणतो. यात चूक काय काढणार?

म्हणून दुपारी मी गांगनुंग शहरातून वोल्होची बस पकडली.

ही बस जिथून जाते ती शेतं, ते पेट्रोल पंप, ते टाइल्सचं दुकान, ते सगळं एके काळी तळं होतं. पूर्वी आजी माझ्याबरोबर शहरात यायच्या, तेव्हा परतीच्या वाटेवर एका वळणाला म्हणायच्या, "आता आपण पाण्यात शिरलो." पंप आला की म्हणायच्या, "इथे खोल होतं. इथे बाबा मला उतरू द्यायचे नाहीत." सोदाम, माझी मुलगी, त्यांच्या मांडीवर असायची. ती खिडकीतून खाली बघत पाय वर घ्यायची.

सोदाम दहा महिन्यांची असताना माझी बदली वोल्होच्या शाळेत झाली. नवरा कामाला दूर होता, सासूबाईंचं दुखणं सुरू झालेलं. बाळाला ठेवायचं कुठे? शाळेत झाडायला येणाऱ्या बाईने सांगितलं, "दांड्यावरच्या ओक्बुनकडे ठेवा. तिचा मुलगा कामाला लागला, तिला रिकामी पाठ सोसत नाही." तशी मी गेले. आजींनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. बाळाला उचललं, पाठीवर घेतलं, दुपट्याची गाठ मारली आणि आपल्या कामाला लागल्या.

मधल्या सुट्टीत मी शाळेतून फोन करायची.

"आजी, सोदाम जेवली का?"

"थांब, बघून येते."

रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज. रबरी जोड्यांची फटफट, दूर जाणारी. मग बराच वेळ काही नाही. मग फटफट जवळ येणारी.

"जेवली. हनुवटीला भात आहे."

रोज हेच. झोपली का, ताप उतरला का, काहीही विचारा, "थांब, बघून येते." एकदा तर पोरीचा आवाज मला फोनमधूनच ऐकू येत होता.

"आजी, ती तुमच्या मांडीवरच आहे ना? मला ऐकू येतंय."

"ऐकू येतं म्हणजे आहे असं नाही. थांब."

आणि मांडीवरच्या पोरीकडे त्यांनी खाली वाकून बघितलं असणार, कारण मग म्हणाल्या, "आहे."

मला हे विचित्र वाटायचं. घाबरट आई मी, मला तर हे आवडायला हवं होतं. पण तेव्हा मनात यायचं, बाईंच्या डोक्यात काही बिघाड तर नाही? शाळेतल्या जुन्या शिक्षिकेला मी विचारलं, तर ती म्हणाली, "त्यांचं तसंच आहे. आणि हे बघा, गावात कुणाला विचारू नका." मी विचारलं नाही. शाळा बंद झाली, आम्ही शहरात राहायला गेलो, सोदाम मोठी होऊन सोलला गेली. तेवढ्या काळात मला इकडून तिकडून कळलं होतं की आजींचे वडील त्या लहान असताना समुद्रात गेले. बस, एवढंच.

आज पोचले तेव्हा आजी अंगणात कुंपणापाशी उभ्या होत्या, जेचनवालीच्या बंद घराकडे तोंड करून. अंगात सुनेने पाठवलेलं जाड जांभळं जाकीट, डोक्याला फडकं.

"काय बघताय?"

"तोटी गळतेय तिच्या अंगणातली. नळ घट्ट करून जायचं कळलं नाही बाईला. इतकी वर्षं माझ्या शेजारी राहून हेच शिकली."

"फोन करून सांगा की तिला."

"सांगितलं. म्हणते, घर पाडणारच आहेत, गळू दे. अगं पण पाडेपर्यंत?" मग फडक्याचं टोक नीट करत म्हणाल्या, "भांडायला होती तोवर बरं होतं. आता मी कोंबड्यांशी भांडते. त्या उलटून बोलत नाहीत, मजा येत नाही."

आत जमीन खालून तापवलेली होती. त्यांनी मला उबदार जागी बसवलं आणि स्वतः दाराजवळ बसल्या, जिथे नेहमी वारा येतो. किसलेल्या बटाट्याच्या गोळ्यांचं सूप समोर ठेवलं. किमची ताजी होती, पण भांडं एकच. पूर्वी नोव्हेंबरात दांड्यावरच्या सगळ्या बायका याच अंगणात कोबी कापायला बसायच्या, तिखटाने लाल झालेले हात वर धरून एकमेकींच्या सुनांची टिंगल करायच्या, आणि मी सोदामला घेऊन नुसती खायला यायची.

"यंदा एवढीच घातली?"

"कुणासाठी घालू? यातलीही उरेल."

मी सूप संपवलं. वाडगा खाली ठेवला.

"हाक्सूचा फोन आला होता, आजी."

"तुलाही का? मला वाटलं मलाच छळतो."

"वृद्धाश्रमाचं विचारतोय. उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय म्हणे."

"मग? तू काय सांगणार त्याला?"

"तुम्ही म्हणाल ते."

"मी तर अजून काही म्हटलेलंच नाही."

"तेच ना. मी काय सांगू?"

त्यांनी माझा वाडगा उचलला, आपल्यात घातला, पण उठल्या नाहीत.

"बाई, तू एवढी वर्षं गणित शिकवलंस. उत्तर येत नसलं की पोरं काय करतात गं?"

"शेजारच्याला विचारतात. तो सांगतो."

"बरोबर सांगतो?"

"बहुतेक वेळा चूक."

त्या हसल्या. हसता हसता खोकला आला, पाणी प्यायल्या. मग दाराबाहेर तळ्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मीही एकदा दुसऱ्याच्या जागी उत्तर दिलं होतं."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हा वोल्होचं तळं फार मोठं होतं. डोंगरापासून दांड्यापर्यंत पाणीच पाणी. डोंगरातून दोन ओढे येऊन तळ्यात पडायचे आणि समुद्राच्या लाटा वाळू आणून तळ्याचं तोंड बंद करून टाकायच्या. ही वाळू म्हणजे दांडा. पावसाळ्यात ओढे भरले की तळ्याला बाहेर पडायला वाट नसायची. पाणी चढायचं, भाताच्या खाचरांत शिरायचं, स्वयंपाकघरात शिरायचं. मग दोन्ही काठांची माणसं फावडी घेऊन दांड्यावर जमायची आणि वाळूत एक अरुंद चर खणायची. वाळूचा शेवटचा हातभर तुकडा काढला की पुढचं काम पाणी स्वतःच करायचं. चर रुंद होत जायचा, कडा कोसळत जायच्या आणि सबंध तळं गर्जत समुद्रात उतरायचं. सकाळपर्यंत पाणी माणसाच्या उंचीएवढं खाली गेलेलं असायचं. त्याच वाटेने मग समुद्राचे मासे आत यायचे, शिंपल्यांतल्या तिसऱ्यांना खारं पाणी मिळायचं आणि वर्षभर तळं जिवंत राहायचं.

पण दांडा फुटताना तळ्यात कुणी होडीत असेल तर तो संपला. ती ओढ कुणाच्या वल्ह्याला जुमानत नसे. म्हणून रीत होती. फोडण्याआधी एक माणूस काठाकाठाने घरोघर ओरडत जायचा, "दांडा फोडतोय, आपापली माणसं बघा!" मग त्या घरातल्या कुणीतरी घरचं प्रत्येक माणूस, प्रत्येक होडी डोळ्यांनी बघायची आणि पितळी परात वाजवायची. परातीचा आवाज आल्याशिवाय ओरडणारा पुढच्या घरी जात नसे. शेवटच्या घरची परात वाजली की दांड्यावर फावडं पडायचं.

"मी बारा वर्षांची होते," आजी म्हणाल्या. "आई मावशीकडे गेलेली, मावशीला मूल झालं होतं. घरी मी आणि धाकटा भाऊ. पाऊस असा की समोरचं झाड दिसत नव्हतं. ओरडणारा आला. पाक नावाचा म्हातारा, पायाने अधू, छातीपर्यंत भिजलेला. म्हणाला, ए पोरी, तुमचे सगळे आहेत का? मी म्हटलं आहेत."

"बाबा?"

"बाबा दरवेळी दांड्यावर असायचे. गावात फावड्याला त्यांच्यासारखा हात नव्हता कुणाचा. भिंतीशी बघितलं, फावडं नव्हतं. म्हटलं, गेले दांड्यावर. परात वाजवली. आवडायची गं मला परात वाजवायला. आई नसताना मला मिळाली म्हणून जोरात वाजवली."

बाबा दांड्यावर गेले नव्हते. पाणी उतरल्यावर वाम मासे पकडायचे सापळे वाहून जातील म्हणून ते आधी लव्हाळ्यांत गेले होते, फावडं होडीत टाकून, सापळे काढून मग तसेच होडीने दांड्यावर जायचं म्हणून. दांड्यावरच्या माणसांना वाटलं, बायको घरी नाही, पोरांसाठी थांबला असेल. आणि त्यांच्या घरची परात तर वाजली होती.

होडी दोन गावं सोडून वर किनाऱ्याला लागली. बाबा कुठेच लागले नाहीत.

मी त्यांच्या हातातले वाडगे घेतले आणि बाजूला ठेवले. त्यांना ते अजून हातात आहेत हे कळलं नव्हतं.

"मला कुणी काही बोललं नाही, बाई. आईसुद्धा. एक शब्द नाही. पाक म्हातारा पुढे मरेपर्यंत मला बघून रस्ता बदलायचा, म्हणजे त्याला वाटायचं चूक त्याची. त्याने विचारलं होतं ना, घरात शिरून बघितलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून गावाने ठरवलं, मुलांनी परात वाजवायची नाही. कशामुळे ठरलं ते सगळ्यांना माहीत होतं. माझं नाव कुणी घेतलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी रडले तरी असते."

त्यांच्या बरोबरीच्या मुली लग्न करून लांब गेल्या. ओक्बुन कुठेही गेली नाही. मागण्या आल्या, शेजारच्या गावातून, एक तर चांगल्या शिंप्याची. आईने विचारलं की ती तळ्यावर निघून जायची, तिसऱ्यांचं दाताळं खांद्यावर टाकून. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दिवस दिवस तळ खरवडायची. गावातल्या बायका म्हणायच्या, ही बाप शोधते. आजी म्हणतात, नाही, मी तिसऱ्याच शोधत होते, त्या विकून आम्ही जगत होतो. पण बायकांना काय, बोलायला काही तरी हवं.

मग तळं भरायचं काम निघालं. देशात खायला नव्हतं, जमीन हवी होती. सरकारने सांगितलं, उथळ बाजूला बांध घाला, माती टाका, भाताची जमीन होईल आणि जो राबेल त्याला तिचा तुकडा मिळेल. तोवर मजुरी म्हणून मैद्याची पोती. डोंगराची माती टोपल्यांनी पाण्यात पडायला लागली. आसपासच्या गावांतून माणसं आली, त्यांत एक उंच, बोलताना अडखळणारा, आई-बाप युद्धात मेलेला. त्याला कुणी मुलगी देत नव्हतं आणि लग्नाचं वय उलटलेली ओक्बुन आता कुणाला हवी नव्हती. "दोघांचं बरं जमलं," आजी म्हणतात. "त्याला एक वाक्य पुरं करायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात माझा राग उतरायचा."

हाक्सू पोटात असतानाही त्यांनी डोक्यावर माती वाहिली. जिथे बाबांचे सापळे असायचे ती लव्हाळी त्यांनी स्वतः बुजवली. मी विचारलं, "काय वाटत होतं तेव्हा?" त्या म्हणाल्या, "भूक लागली होती, दुसरं काही वाटत नव्हतं." मग थोड्या वेळाने, "बरं वाटलं होतं. म्हटलं, एवढं तळं कमी झालं."

पुढे सिमेंटचा बांध आला, तळ्याच्या तोंडाला लोखंडी दरवाजे आले. पाऊस आला की नगरपालिकेचा माणूस बटण दाबायचा आणि भोंगा वाजायचा. दांडा फोडायची गरज संपली. फावडी शेतात गेली, पराती भंगारात. तळ्याला समुद्राचं पाणी मिळेनासं झालं तशा तिसऱ्या आधी बारीक झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा थर यायचा, वास यायचा. तोपर्यंत मी तिथे शिकवायला आले होते. खिडक्या बंद करून वर्ग घ्यावे लागायचे. आजींचा नवरा गेला तो त्याच काळात. शेतात काम करता करता बसला आणि उठला नाही. तरुण माणसं शहरात गेली, मागून त्यांची मुलं गेली, आणि मुलं गेली तशी शाळाही गेली.

आता पुन्हा सगळं उलट होणार आहे. नगरपालिकेला तळं परत हवं आहे. निम्मी शेतं विकत घेऊन तिथे पाणी सोडलं, लाकडी पूल बांधला, हिवाळ्यात हंस येतात ते बघायला शहरातून माणसं येतात. काचेच्या भिंतींचं कॉफीचं दुकानही निघालं आहे. आणि वसंतात ते लोखंडी दरवाजे काढणार, म्हणजे दांडा पूर्वीसारखा वाळूचाच राहील, भरेल तेव्हा भरेल, फुटेल तेव्हा फुटेल. म्हणून दांड्यावरची घरं हलवायची.

"आम्ही टोपल्यांनी माती टाकली," आजी म्हणाल्या, "तीच ही पोरं मशीनने काढतायत. मग मधे आम्ही काय केलं गं सगळा जन्म?"

मी म्हटलं, "भात पिकवला. माणसं जगली त्याच्यावर. हाक्सू वाढला."

"हो. ते आहे." त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही.

बाहेर ऊन उतरलं होतं. हंस आले होते, लांब काठाशी, पाण्यावर कुणी पांढरे कपडे वाळत घातल्यासारखे. आम्ही दोघी दारात बसून होतो. मी पुन्हा विचारलं, कारण मला शेवटची बस गाठायची होती.

"आजी, उल्सानला जायचंय का तुम्हाला? नसेल तर नाही म्हणा. मी सांगते त्याला."

"नाही असं कुठे म्हणतेय मी?"

"मग हो?"

"हो असं तरी कुठे म्हणतेय?" त्या चिडल्या. "एवढ्या वर्षांनी तो दांडा परत आपलाआपण फुटणार आहे, बाई. तेव्हा मी इथे रस्त्यालगतच्या त्या नव्या खोलीत असावं, की आवाजही येणार नाही इतकं लांब असावं, हे मला कळत नाही. रोज सकाळी वाटतं इथेच राहावं. दुपारी वाटतं, हाक्सूकडे जावं, त्याच्या बायकोच्या पाठीला तेल लावून द्यावं, मरावं तिथे. कळलं की सांगेन. त्याला घाई कसली आहे?"

"खाट जाईल म्हणतो."

"जाऊ दे की. मी जन्मभर जमिनीवर झोपले."

बसपर्यंत सोडायला आल्या. नको म्हटलं तरी. वाटेत जेचनवालीच्या अंगणात शिरल्या, तोटी पिळून बघितली. ती तशीच गळत राहिली. थांब्यावर त्यांनी माझ्या हातात किमचीचा डबा दिला, "सोदामला पाठव, ती काय खाते तिथे देव जाणे." बस वळली तेव्हा मी मागे बघितलं. त्या परत निघाल्या होत्या, वाऱ्यात कललेल्या, आणि त्या सबंध दांड्यावर चालणारं दुसरं कुणी नव्हतं.

घरी पोचते तोच हाक्सूचा मेसेज. "बाई, काय म्हणाली आई?"

खोटं कशाला बोलू, उत्तर माझ्या बोटांवर आलं होतं. "हो म्हणाली." एवढं लिहिलं की सगळ्यांचं भलं. हाक्सू नाव नोंदवेल. तिथे घंटा वाजवली की नर्स येते, तिन्ही वेळा गरम जेवण, न्हाणीघरात धरायला दांड्या. आणि आजींना वाटेल मुलाने ठरवलं, त्या जातील, मुलाने ठरवलेलं त्यांनी कधी मोडलेलं नाही. मला झोप लागेल. खरं तर मलाच सगळ्यांत जास्त हवी आहे ती खाट. वारा सुटला की मी उठून बसते, सोदामने अंगठा पाठवला नाही की उठून बसते. निदान एका माणसाची काळजी कमी होईल. दुपारी "हो" न मिळाल्याचा राग मला आला होता, तो आजींसाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

पण त्या हो म्हणाल्या नाहीत. नाही पण म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला जे सांगितलं ते एवढंच की त्यांना अजून कळलेलं नाही, आणि ते सांगायला त्यांना सगळी दुपार लागली. हे मेसेजमध्ये कसं मावणार?

मी काही लिहिलं नाही. हाक्सू सकाळच्या पाळीला निघायच्या आधी चहा पितो, तेव्हा त्याला थोडी उसंत असते. तेव्हाच फोन करणार आहे. तुझ्या आईने उत्तर दिलेलं नाही, हे सांगेन, आणि तिच्या जागी मी देणार नाही हेही. खाट गेली तर गेली. रविवारी सुट्टी असेल तर ये, नसेल तर मागून घे, आणि येताना संध्याकाळी परत निघायचं ठरवून येऊ नकोस. तो चिडेल. बायकोचं ऑपरेशन काढेल, दोन पाळ्या काढेल, आणि ते सगळं खरंच आहे. तरी फोन करेन.